पोहणं : उत्तीर्ण

माझ्या थोरल्या वहिनीला राखीव दलातले लोक तोंडावर ‘बाई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘शिट्टी’. तिला ते ठाऊक होतं. ती म्हणायची, “शिट्टी ऐकून माणूस पाण्याबाहेर येतो ना? मग झालं तर.”

आठवडाभर ती नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. शनिवारी दुपारी दोनला तलाव लोकांसाठी बंद झाला की खाकी विजार चढवून हवालदार व्हायची. त्याच तलावाच्या तिकीट खिडकीत मी बसायचो. नोकरी तिनेच शब्द टाकून लावून दिलेली. घरात आम्ही तिघंच. छापखान्यातून निवृत्त झालेला दादा, वहिनी आणि लग्नाचं वय उलटून गेलेला मी. दादाची छाती शाईने आणि शिशाने खराब झाली होती, जीभ मात्र शाबूत होती. “आमच्या घरात सरकार आहे, पण राखीव. शनिवारचंच चालतं,” असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

राखीव दल म्हणजे पगारी फौज नव्हे. त्यात न्हावी होता, गवंडी होता, नळदुरुस्तीवाला होता, दोन कारकून होते. वर्षातले चाळीस दिवस शिकायचं, त्या दिवसांचं मानधन घ्यायचं आणि पूर, आग, लढाई, जे काही येईल त्याला बोलावतील तेव्हा जायचं. आमच्या गावची तुकडी नदीवरची. नावा चालवणं, दोर टाकणं, अडकलेली माणसं बाहेर काढणं, हे तिचं काम. त्यामुळे प्रत्येकाला पोहता आलंच पाहिजे, असा नियम होता. अंगावर कपडे, पायांत बूट, अशा अवतारात पन्नास मीटर जायचं आणि मग दोन मिनिटं जागच्या जागी तरंगायचं. चाचणी वहिनी घ्यायची आणि ती कुणाला सूट देत नसे.

तुकडीत बेकरीतला एक कारागीर नव्याने आला होता. सव्वीस वर्षांचा, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, बायकोला सातवा महिना. मानधनासाठीच आला होता आणि तसं सांगायला लाजत नव्हता. भट्टीवरून थेट यायचा, भुवयांत पीठ तसंच असायचं. पहिल्याच शनिवारी त्याचं नाव ‘मैदा’ पडलं.

मैद्याला पाण्याची भीती होती. साधीसुधी नव्हे. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला तरी त्याचे ओठ पांढरे पडायचे.

“बाई, पाणी छातीला लागलं की कान गच्च होतात. तुम्ही काय बोलता ते ऐकूच येत नाही,” तो म्हणायचा.

“मग माझ्याकडे बघ. ऐकू नकोस,” वहिनी म्हणायची. ती त्याच्या पाठीखाली हात धरून त्याला उताणं तरंगवायची. बाकीचे काठावरून हसायचे, पण एकदा तिने मान वळवून पाहिलं की सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागत. तिसऱ्या शनिवारी तिने हात काढून घेतला आणि मैदा दहा आकडे होईपर्यंत तसाच तरंगला. बाहेर आल्यावर त्याने माझ्या खिडकीशी येऊन मला सांगितलं, “दहा! तुमच्या वहिनींनी मोजलं, मी नाही.” मी त्याला म्हटलं, आता बारसं झालं की पेढे नको, पन्नास मीटर दाखव. त्यावर तो खूप हसला होता.

चौथा शनिवार आलाच नाही.

वरून पत्र आलं. राखीव दलांच्या अनुदानात कपात झाली होती. चाळीस दिवसांचे चौदा दिवस झाले. नावांच्या इंजिनांची दुरुस्ती पुढच्या वर्षावर गेली. साठ तरंगजाकिटांची मागणी केली होती, ती परत आली. जुन्यांपैकी धड अशी अकरा उरली होती. तलावाच्या भाड्याची तर ओळच काढून टाकली होती. रेडिओवर मंत्री सांगत होते, देशाच्या सज्जतेत कुठलीही तडजोड होणार नाही. दादा खोकत म्हणाला, “खरं बोलतोय बिचारा. तडजोड कुठाय? सरळ कात्रीच आहे.”

वहिनीने तलावाच्या अधीक्षकाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, बाई, भाडं नाही तर तलाव नाही, माझ्यावर तपासणी येते. तिने फार ओढून धरलं नाही. पुढे कित्येकदा ती हे माझ्यापाशी बोलली, की तिथे मी हट्ट करायला हवा होता, दारात बसायला हवं होतं. त्या वेळी वाटलं, दोनचार महिन्यांत पैसे येतील.

पैसे आले नाहीत, दुसरं पत्र आलं. यापुढे अनुदान माणशी मिळणार होतं, आणि तेही सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झालेल्या माणसामागेच. ज्या तुकडीत असे चाळीस लोक नसतील ती तुकडी मोडून नव्वद किलोमीटरवरच्या तुकडीत मिसळायची. आमच्याकडे एकूण माणसंच होती सेहेचाळीस.

तुकडीचा कप्तान शाळेत भूगोल शिकवायचा. सरळ माणूस. नावांच्या डिझेलला पैसे नसले की स्वतःच्या खिशातून भरायचा आणि बायकोला कळू नये म्हणून पावत्या शाळेच्या कपाटात ठेवायचा. एका रविवारी सकाळी तो कापडी पिशवीत कागद घेऊन आमच्या घरी आला. मी चहा ठेवला.

“हवालदारबाई, उद्या कागद जायचेत. पोहण्याचा रकाना तेवढा राहिलाय,” तो म्हणाला.

“तलाव मिळाला?”

“नाही.”

“मग चाचणी कुठे घेऊ? बादलीत?”

कप्तान हसला नाही. त्याने कागद टेबलावर ठेवले. “सेहेचाळीसपैकी खरंच किती जणांना येतं?”

“अठरा. फार तर वीस.”

“म्हणजे तुकडी गेली. उद्या नदी फुगली तर नव्वद किलोमीटरवरून नावा येणार. तोवर खालच्या वसाहतीतली माणसं पत्र्यांवर बसून काय करतील? तुम्हीच सांगा. एक वर्ष काढू. पैसे आले की पहिल्या दिवशी सगळ्यांना पाण्यात ढकलतो. आणि खरं सांगू का, पाण्यात पडलं की माणूस आपोआप हातपाय मारतो.”

“पडलं की माणूस बुडतो, साहेब. हातपाय मारायला शिकवावं लागतं,” वहिनी म्हणाली.

पण तिने कागद ओढून घेतले. खालच्या वसाहतीची गोष्ट तिला लागली होती. तिथली माणसं तिने आधीच्या पुरात स्वतः बाहेर काढली होती. मी तिथेच बसलो होतो. मी एक शब्द बोललो नाही. उलट दुसऱ्याच कागदावर तिचं पेन अडलं, तेव्हा खिशातलं माझं पेन काढून दिलं.

मैद्याच्या कागदापाशी ती थांबली. “हा अजून तोंडसुद्धा बुडवत नाही पाण्यात.”

“नापास केला तर त्याचं मानधन जाईल, आणि घरात बाळंतपण आलंय. त्याला काठावर ठेवू. दोर धरायला. माझा शब्द,” कप्तान म्हणाला.

तिने रकान्यात ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि खाली सही केली.

सात महिने काही झालं नाही. मैद्याला मुलगी झाली. तुकडीचे चौदा दिवस कोरड्या जमिनीवरच गेले, शाळेच्या मैदानात नावेत बसून वल्ही हवेत मारायची. येणारेजाणारे थांबून बघायचे.

मग वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. पाऊस आमच्याकडे नव्हताच, ऊन पडलं होतं. सकाळी नऊच्या सुमाराला खालच्या वसाहतीत पाणी शिरलं आणि अकरापर्यंत दारांच्या चौकटी बुडाल्या. तुकडीला बोलावणं गेलं. सगळे आले, कामं टाकून आले, हे सांगायला हवं. मैदा तर एप्रनसकट आला.

कप्तान मात्र शाळेच्या बाजूला अडकला. मधला पूल पाण्याखाली गेला होता. काठावर हुकूम द्यायला मुख्यालयातून एक तरुण लेफ्टनंट पाठवला होता. त्याला गावातलं कोणी माहीत नव्हतं. त्याच्या हातात यादी होती, त्याच कागदांवरून केलेली, खाली चाचणी घेणारी म्हणून वहिनीचं नाव असलेली. मी पावाच्या पाट्या आणि पाण्याचे डबे उतरवायला गेलो होतो, म्हणून हे सगळं पाहिलं.

वहिनी पहिल्या नावेतून जाणार होती. निघताना तिने मैद्याच्या खांद्याला धरून सांगितलं, “तू इथून हलायचं नाहीस. हा दोर आणि तू. कळलं?”

“कळलं, बाई.”

अकरा जाकिटं होती. लेफ्टनंटने ठरवलं, जाकिटं बाहेर काढायच्या लोकांना द्यायची, आणि आपल्यात कुणाला पोहता येत नसेल तर त्याला. यादी बघितली तर सगळ्यांनाच येत होतं. यात त्या पोराची काही चूक होती असं मला आजही म्हणता येत नाही.

तासाभराने तिसऱ्या नावेतल्या गवंड्याच्या हाताला पत्रा लागला. रक्त थांबेना. त्याला उतरवलं आणि नावेला एक माणूस कमी पडला. लेफ्टनंटने इकडेतिकडे पाहिलं. दोर धरून मैदा उभा होता. त्याने नाव विचारलं, यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, “चल, चढ.”

त्या नावेत न्हावी होता. पुढचं त्याने सांगितलं. तो मैद्याच्या कानात म्हणाला, “अरे, सांग ना साहेबाला, येत नाही म्हणून.” मैदा म्हणाला, “मग कागदावर सही कुणाची ते विचारतील. बाईंचं नाव येईल.” आणि चढला.

वहिनी दुसऱ्या खेपेला परतली तेव्हा नावेत दोन बायका, एक आंधळे आजोबा आणि एक शेळी होती. माणसं उतरवता उतरवता तिची नजर काठावर गेली. दोर खुंटाला बांधलेला होता.

“मैदा कुठाय?”

“तिसऱ्या नावेत. माणूस कमी होता,” लेफ्टनंट म्हणाला.

“त्याला पोहता येत नाही!”

त्याने यादी तिच्यासमोर धरली. तो उद्धट नव्हता, गोंधळला होता. “बाई, उत्तीर्ण आहे. तुमचीच सही आहे ना?”

वहिनीने यादी हाताने बाजूला सारली. ती नाव वळवायला धावली. तेवढ्यात गोदामांच्या बाजूने ओरडा ऐकू आला. तिसरी नाव गोदामाच्या लोखंडी फाटकावर चढून उलटली होती. फाटक पाण्याखाली होतं, कुणाला दिसलं नव्हतं. चौघांनी विजेचा खांब धरला. वहिनी पोचली तेव्हा न्हावी खांबाला मिठी मारून एकच वाक्य परत परत म्हणत होता, “मी त्याचा सदरा धरला होता, बाई. सदरा धरला होता.”

वहिनीने नऊ वेळा बुडी मारली. मी काठावरून मोजत होतो. दहाव्यांदा तिला दोघांनी ओढून नावेत घेतलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर मैदा गोदामाच्या मागच्या तारेच्या कुंपणाला सापडला. त्या दिवशी आमच्या तुकडीने एकशे चौदा माणसं बाहेर काढली होती, हेही खरं आहे. कप्तान म्हणाला होता तसंच झालं होतं. तुकडी नसती तर ती माणसं गेली असती.

चौकशी लागली. वहिनीने ठरवलं, जे झालं ते सांगायचं. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. दादा म्हणाला, “हो. सांगून टाक. डबा घेऊन मी येत जाईन.” त्याने विनोद करायचा प्रयत्न केला आणि मग त्याला इतका खोकला आला की मी पाठ चोळत बसलो.

पण चौकशीच्या आधी तिला मैद्याच्या बायकोला सांगायचं होतं. मला म्हणाली, “भावजी, तुम्ही चला बरोबर. मला एकटीला जिना चढवणार नाही.”

बेकरीच्या वरची एक खोली. खालच्या भट्टीमुळे जमीन कोमट होती. सहा महिन्यांची पोर पलंगावर दोन उशांच्या मध्ये झोपली होती आणि दोरीवर तिची दुपटी वाळत होती. मैद्याची बायको जेमतेम बावीस-तेवीसची. वहिनीने उभ्यानेच सगळं सांगितलं. तलाव बंद झाल्याचं, रविवारचं, सहीचं. काही लपवलं नाही, कप्तानावर ढकललं नाही. न्हाव्याने सांगितलेलं वाक्यसुद्धा सांगितलं.

त्या पोरीने दोरीवरचं एक दुपटं काढून घडी घातली. मग म्हणाली, “हे तुम्ही चौकशीत सांगणार?”

“हो.”

“मला काल कार्यालयातल्या माणसाने समजावून सांगितलं. कामावर असताना गेला, तर घरच्यांना भरपाई मिळते. पण माणूस सगळ्या चाचण्या उत्तीर्ण असला पाहिजे. नसला, तर तो अपात्र. मग तो तिथे गेलाच का, असं म्हणतात. मग काही नाही.”

वहिनी पलंगाच्या कडेला टेकली. तिला हे माहीत नव्हतं.

“तुमचं मन हलकं होईल, बाई,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पोर झोपली होती. “माझ्या पोरीच्या तोंडचा घास जाईल. तो तुमचं नाव येऊ नये म्हणून चढला ना? मग आता तुम्ही त्याच्यासाठी एवढं करा. गप्प बसा.”

खाली उतरताना वहिनीने कठडा घट्ट धरला होता. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, “एवढीच शिक्षा मी धरली नव्हती.”

चौकशीचा अधिकारी वयस्कर होता, चष्मा पुसत बोलणारा. त्याने मैद्याचा कागद पुढे केला. “ही सही तुमची?”

“हो.”

“चाचणी घेतली होती?”

“हो.”

“पन्नास मीटर, कपड्यांनिशी?”

“हो.”

“कसा पोहायचा?”

हा प्रश्न तिने धरलाच नव्हता. हे तिने आम्हाला घरी येऊन सांगितलं. ती त्याला म्हणाली होती, “चांगला. सावकाश, पण चांगला.”

अहवाल दोन महिन्यांनी आला. कप्तानाने प्रत आणून दिली. प्रवाह जोराचा होता, फाटक दिसत नव्हतं, दुर्घटना अटळ होती. पुढचा परिच्छेद मात्र वहिनीने मला मोठ्याने वाचायला लावला. त्यात लिहिलं होतं की, प्रशिक्षणाचे दिवस कमी करूनही या तुकडीतले सर्वच्या सर्व लोक पोहण्याच्या चाचणीत उत्तीर्ण झाले, म्हणजे कपातीचा सज्जतेवर परिणाम झालेला नाही. त्यामुळे तलावाचं भाडं वा जादा दिवसांसाठी तरतूद करण्याची गरज समितीला दिसत नाही. हाच नमुना इतर तुकड्यांनीही गिरवावा.

“परत वाचा,” वहिनी म्हणाली.

मी परत वाचलं. ती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली.

वर्ष फिरलं. पुन्हा कागदांची वेळ आली. या खेपेला वहिनी कप्तानाकडे गेली नाही, तलावाच्या अधीक्षकाकडे गेली आणि त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली. दुपारपर्यंत उठली नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, रविवारी सकाळी सहा ते आठ घ्या, मी नोंदीत ‘सफाई’ लिहितो.

पंचेचाळीस जण आले. थंडी होती, पाण्यावरून वाफ उठत होती. कपडे, बूट, पन्नास मीटर. मी काठावर घड्याळ धरून होतो. एकेकाचं नाव घेऊन वहिनी शिट्टी वाजवायची. काहीजण तीसवर थांबले, काहीजण दहावर. नळदुरुस्तीवाल्याला दोनदा बाहेर ओढावं लागलं. एकोणीस जण पार झाले. आणि सगळ्यांत शेवटी कप्तान उभा राहिला. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

“तुम्ही राहू द्या,” वहिनी म्हणाली.

“माझाही कागद आहे त्यात,” तो म्हणाला आणि उतरला.

आठ मीटर गेला. मग कडेची नळी दोन्ही हातांनी धरली आणि तोंडातलं पाणी थुंकत राहिला. भूगोलाच्या तासाला जगातल्या नद्या पाठ करून घेणारा माणूस! कुणी हसलं नाही. तो पायरीवर बसला, बुटांतून पाणी गळत होतं.

“एकोणीस,” तो म्हणाला. “म्हणजे संपलं.”

“हो.”

“हे गेल्या वर्षी केलं असतंत—” म्हणून तो थांबला. मग म्हणाला, “नाही. मीच आलो होतो तुमच्या घरी.”

तिने एकोणीस कागदांवर ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि सव्वीसांवर ‘अनुत्तीर्ण’. तुकडी दोन महिन्यांत मोडली. नावा ट्रकवर चढवून नव्वद किलोमीटरवर नेल्या.

गावाने तिला पाण्यात पाहिलं. मानधन गेलं होतं. लहान रक्कम, पण त्यात कुणाच्या मुलाची फी बसत होती, कुणाच्या आईचं औषध. नळदुरुस्तीवाला माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, “तुझ्या वहिनीला सचोटी सुचली, पण आमच्या पैशाने सुचली.” न्हावी तेवढा बोलत राहिला. दादाची दाढी करायला घरी यायचा आणि पैसे घ्यायचा नाही.

दुसऱ्या वर्षी नदी परत फुगली. बाहेरची तुकडी साडेसहा तासांनी पोचली. त्या साडेसहा तासांत वहिनीने ट्रकच्या दोन ट्यूबा दोराने बांधल्या आणि न्हाव्याला घेऊन खालच्या वसाहतीत सात फेऱ्या मारल्या. ती तेव्हा पंचावन्नची होती. प्रत्येक फेरीला एकच माणूस आणता यायचा. आठव्या फेरीला निघाले तेव्हा ज्या पत्र्यावर म्हातारा-म्हातारी बसली होती तो पत्राच जागेवर नव्हता. हाताशी नाव असती तर त्यांच्या घराकडे वळवणं दोन मिनिटांचं काम होतं. पण नाव नव्हती, आणि नाव का नव्हती हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर ती फार बोलेनाशी झाली. मी एकदा म्हटलं, “वहिनी, सही केलीस तरी माणूस गेला, नाही केलीस तरी गेले. तुझ्या हातात काय होतं?” ती म्हणाली, “भावजी, असं म्हणून मला सोडवू नका. हातात पेन होतं.” पेन माझं होतं, हे दोघांनाही आठवत होतं.

मैद्याच्या बायकोला भरपाई सोळा महिन्यांनी मिळाली, तीही कापून. बेकरीच्या मालकाने तिला गल्ल्यावर बसवलं. वहिनी तेव्हापासून त्या रस्त्याने जायची नाही, पाव आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायची. मी कधी विचारलं नाही. पण दादा शेवटच्या आजारात होता आणि त्याला दुधात बुडवून फक्त त्याच बेकरीचा पाव जायचा. एका संध्याकाळी मी निघालो तर वहिनीने चपला घातल्या आणि माझ्याबरोबर आली.

दुकानात गर्दी होती. गल्ल्याच्या आत स्टुलावर ती चार वर्षांची पोर बसून कागदाच्या पिशव्या उलगडत होती. आमची पाळी आली. मैद्याच्या बायकोने वहिनीला ओळखलं, पाव उचलला, कागदात गुंडाळायला घेतला.

“बाई, एक विचारू?”

“विचार.”

“त्याला पोहायला यायला आणखी किती दिवस लागले असते?”

वहिनीला म्हणता आलं असतं, सांगता येत नाही. माणसामाणसावर असतं. मी तिच्या जागी असतो तर तसंच म्हटलं असतं.

“आठ शनिवार,” वहिनी म्हणाली. “भित्रा होता, पण अंग हलकं होतं. आठांत आलं असतं.”

तिने पावावर दोरा गुंडाळला, गाठ मारली, दाताने तोडला. “आणि त्या आठ शनिवारांचं तलावाचं भाडं?”

वहिनीने आकडा सांगितला. बरोबर सांगितला. पावत्या मीच फाडायचो, त्यामुळे मलाही पाठ होता. मैद्याच्या बायकोने मान वर करून भिंतीवरच्या दरांच्या पाटीकडे पाहिलं, क्षणभरच. मग पाव पुढे सरकवला.

“जरा बाजूला व्हा, बाई,” ती म्हणाली. “मागे लोक थांबलेत.”